करंजी दुधात का भिजवायची?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की मला राग येऊ लागतो. तो एकदम येत नाही. थंडीसारखा येतो, आधी तळपायांना कळतो, मग वर चढतो. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले असतात, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागतात, आणि एखाद्या घरी कढईत एखादी करंजी फुटून वेलचीचा वास गल्लीभर जातो. इतरांना या वासाने सण आठवतो. मला एक चूक आठवते, आणि ती अजून दुरुस्त झालेली नाही.

यंदा रागाला निमित्तही मिळाले. माझी भाची सुवार्ता, माझ्याहून बारा वर्षांनी धाकट्या बहिणीची मुलगी, हिने आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांसाठी नाताळच्या पाककृतींची एक पुस्तिका काढायचे मनावर घेतले आहे. काम चांगले आहे. तिने आपल्या आजीची, म्हणजे माझ्या आईची, करंजी लिहून काढली आणि कागद शुद्धलेखनासाठी माझ्याकडे पाठवला, कारण मी तीस-बत्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. कागदाच्या शेवटी चौकट आखून तिने लिहिले होते : "पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवावे. त्यामुळे करंजी खुसखुशीत होते. ही आमच्या घराण्याची खास पद्धत आहे."

तीन वाक्ये. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. पहिले वाक्य विध्यर्थी असून आमच्या घरात खरोखरच तसे केले जाते. तिसरेही, दुर्दैवाने, आता खरे झाले आहे. चूक दुसऱ्यात आहे. करंजीला खुसखुशीतपणा येतो तो मोहनाने, म्हणजे पिठात कडकडीत तापवून ओतलेल्या तुपाने. दुधाने ती लवकर तांबूस होते आणि लवकर खवट होते, एवढेच. उत्तर बरोबर आणि कारण चूक असे असेल तर मी मुलांना अर्धे गुण देत असे. सुवार्ताच्या कागदावर मी काहीच देऊ शकले नाही. कारण ते चुकीचे कारण या घरात मीच आणले होते.

आधी कृती सांगते, राग नंतर.

बारीक रवा आणि मैदा निम्मे निम्मे, मिळून चार वाट्या. चिमूटभर मीठ. पाव वाटी तूप धूर निघेपर्यंत तापवून पिठावर ओतायचे आणि चमच्याने ढवळून मग हाताने चोळायचे. पीठ मुठीत दाबल्यावर मूठ टिकली पाहिजे. विस्कटली तर मोहन कमी पडले. मग थोड्या थोड्या पाण्याने घट्ट भिजवायचे, ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवायचे आणि नंतर कुटून मऊ करायचे. सारणाला सुके खोबरे किसून मंद भाजावे, तीळ आणि खसखस वेगवेगळी भाजावी, कारण तिघांना लागणारा वेळ निराळा असतो. सगळे निवल्यावरच पिठीसाखर आणि वेलचीची पूड मिसळावी. गरम सारणात साखर घातली तर तिला पाणी सुटते.

पाणी. या शब्दापाशी मी नेहमी थांबते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षे झाली होती. शाळेच्या भिंतीवर नवा नकाशा आला होता आणि आम्ही मुले त्यात बुलढाणा जिल्हा बोटाने शोधत असू. आम्ही मोताळ्यास राहत होतो. वडील मराठी शाळेत शिक्षक. आई दवाखान्यात नर्स. गावात ख्रिस्ती घरे तीन. पाळक महिन्यातून एकदा मलकापूरहून बसने येत आणि नाताळच्या उपासनेला मात्र चुकत नसत. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, त्याआधी ते कोठे राहत आणि कोणत्या पाणवठ्यावर पाणी भरत, हे गावाने विसरायला आमची काही हरकत नव्हती. गावाची होती.

नाताळ म्हणजे आठवडाभर आधीपासून घरभर उजेड आणि पसारा. बाबा बांबूच्या कामट्यांचा तारा बांधत आणि त्याचे कोन मला मोजायला लावत. आई केक करी. घरात भट्टी नव्हती, तेव्हा तिची रीत अशी : मोठ्या पातेल्यात नळगंगेची धुतलेली वाळू चार बोटे भरायची, चुलीवर चांगली तापू द्यायची, दोन वाट्या रवा, वाटीभर साखर, वाटीभर दही, दोन अंडी, थोडे तूप आणि चिमूटभर खाण्याचा सोडा एकत्र फेटून तूप लावलेल्या डब्यात ओतायचे, डबा वाळूत बसवायचा, वर झाकण, झाकणावर निखारे. पाऊण तासाने ज्वारीच्या धांड्याची स्वच्छ काडी मध्ये खुपसून पाहायची. कोरडी निघाली तर झाला. त्या काडीला चिकटलेला कण मला मिळे. अख्ख्या नाताळातली माझी ती पहिली चव. थोडी धुराची, थोडी धांड्याची. अंड्याचा केक शेजारी पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. तो आमचा आमच्यात.

शेजारी वत्सलाबाई. भिंतीला भिंत. घरची शेती, दारात म्हैस, मुलगा शेतावर, सून शांता घरात. दिवाळीला वत्सलाबाईंचे ताट आमच्याकडे येई : चकली, शेव, अनारसे, आणि वर स्वच्छ रुमाल. त्या मायेने देत, हे मला आजही नाकारता येत नाही. मग नाताळ येई आणि आईचे ताट तिच्याकडे जाई. त्या ताटात काय असे? वाटीभर रवा. वाटीभर साखर. खोबऱ्याची एक वाटी. वेलचीचे चार दाणे, कागदाच्या पुडीत. आमचा नाताळ त्यांच्या घरी कच्चा जात असे.

मी नऊ वर्षांची होते, पण हिशेब कळत होता. त्यांचे शिजलेले आमच्याकडे येते. आमचे न शिजलेले त्यांच्याकडे जाते. मी बाबांना विचारले. ते गणित समजावल्यासारखे बोलले. "कोरडा शिधा कोणाकडूनही चालतो. दुधातलं, तुपातलं बहुतेक ठिकाणी चालून जातं. ज्याला आपल्या हाताचं पाणी लागलं ते चालत नाही."

"पण पाणी तर सगळ्यांचं सारखंच असतं ना?"

"पुस्तकात," बाबा म्हणाले आणि पुन्हा कामट्या तासू लागले.

त्या वर्षी डिसेंबरच्या आरंभी शांता अडली. मूल पायाळू होते. गावच्या सुईणीने हात टेकले तेव्हा सकाळी आईला बोलावणे आले. आई दिवसभर त्या घरात होती. तिचे हात त्या दिवशी कोठवर पोचले होते हे मला पुढे मोठेपणी कळले, आणि कळले तेव्हा माझा राग दुप्पट झाला. दिवस मावळायच्या सुमारास मुलाचा रडण्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. बाबांनी हातातली कामटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई आमच्या अंगणात आल्या. ओसरीच्या पायरीखाली उभ्या राहिल्या. त्यांची जागा ठरलेली होती.

"अवो नर्सबाई," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटले. "माह्या घरचा दिवा तुमच्या हातानं लागला व माय. मी जलमभर इसरणार नाही."

"लेकरू चांगलं हाय ना? दूध पिते ना? मंग झालं," आई म्हणाली.

"तसं नाही. यंदा तुमच्या नाताळची करंजी मी खाईन. शिधा नका पाठवू. केलेली पाठवजा. मी सोता खाईन." मग आवाज उतरवून त्या पुढे म्हणाल्या, "फकस्त दुधात भिजवजा. पाण्याचा हात नका लागू देऊ. मंग मले कोणी काही म्हणणार नाही."

आईचा चेहरा मला दिसत होता. नोकरीचे पत्र आले तेव्हाही ती इतकी आनंदली नव्हती असे बाबा पुढे सांगत. वत्सलाबाईंनी आपल्या हातचे खावे, एवढीच गोष्ट तिला हवी होती. ती इतकी साधी होती की ती मागता येत नव्हती. आणि आज ती न मागता मिळत होती.

दूध वत्सलाबाईंच्याच म्हशीचे. मी तांब्या घेऊन आणले. बाबांनी बोट बुडवून नखावर थेंब घेतला. तो ठरेना, ओघळून गेला.

"अवो, यात तर निम्मं पाणीच हाय," बाबा म्हणाले.

आई मोहन चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या हातचं पाणी हाय. ते चालते."

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. आई हसली नाही. मी दोघांकडे पाहत होते आणि मला वाटले, मला विनोद कळला. तो कळायला अजून अवकाश होता.

तिने ते काम किती काटेकोरपणे केले! हात धुतले, पुसले, चुलीशी धरून वाळवले आणि मगच पिठात घातले. परात कोरडी. पोळपाट कोरडा. भिजवलेल्या पिठावर ओले फडके टाकायची वेळ आली तेव्हा ती क्षणभर थांबली. फडके कशात भिजवायचे? तिने ते दुधात बुडवून पिळले. इतका विचार तर खुद्द नियम करणाऱ्यांनीही केला नसेल. मला ताट पुसायला दिले. "सुशे, थेंब राहू देऊ नको हं." मी ते दोनदा पुसले, उजेडाकडे धरून पाहिले आणि पुन्हा पुसले. माझ्या रागातला एक मोठा वाटा त्या पुसण्यावर आहे. मी किती मन लावून पुसत होते! आपण अस्वच्छ नाही हे सिद्ध करण्यासाठी नऊ वर्षांची मुलगी स्वच्छ ताट पुन्हा पुन्हा पुसत होती, आणि तिला त्यात अभिमान वाटत होता.

नाताळच्या दुपारी उपासना आटोपल्यावर मी ताट घेऊन गेले.

"बाप्पा! काय व सुंदर करंज्या!" वत्सलाबाई म्हणाल्या. "दुधातल्याच हायेत ना?"

"हो मावशी."

"पाण्याचा हात?"

"नाही लागला."

"फडकं गिडकं?"

"तेबी दुधातलंच."

तोंडी परीक्षेत मी पैकीच्या पैकी गुण मिळवले. आतून, बाजेवरून, शांताचा आवाज आला, "आत्याबाई, मले एक द्या ना."

"बाळंतिणीले तळेल चालते काय? गप राय," वत्सलाबाई म्हणाल्या आणि ताट आत गेले. रिकाम्या ताटात त्यांनी मूठभर साखर घालून दिली. मी ती साखर खात घरी आले. गोड होती. साखरेला काय.

दोन दिवसांनी मी दूध आणायला गेले. म्हशीपुढे घमेले होते. घमेल्यात सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवलेली होती, आणि ढेपेत करंज्या. मी वाकून पाहिले. आईच्या कातणाचा एक दात मोडलेला होता. त्यामुळे आमच्या प्रत्येक करंजीच्या कडेला ठरावीक अंतरावर एक खाच सुटत असे. घमेल्यात फुगून उललेल्या कडांवर ती खाच होती. पाण्याचा एक थेंब लागू नये म्हणून ज्यांच्यासाठी फडकेसुद्धा दुधात पिळले, त्या करंज्या पाण्यात बुडाल्या होत्या.

वत्सलाबाई मागून आल्या. मी ताठ उभी राहिले. त्यांनी घमेल्याकडे पाहिले नाही. मीही नाही.

"खाल्ल्या व आम्ही," त्या म्हणाल्या. "लय खुसखुशीत. मायले सांगजो."

त्यांनी माझा तांब्या भरून दिला. मी ते दूध घेऊन निघाले. वाटेत मी जो विचार केला तो पुढे तर्कशास्त्र शिकताना मला फार उपयोगी पडला. करंज्या म्हशीने खाल्ल्या. म्हशीचे दूध वत्सलाबाई पितात. म्हणजे आईच्या हातचे त्यांच्या पोटात गेलेच. फक्त मध्ये एक म्हैस हवी होती. माणसामाणसांत जे जात नव्हते ते म्हशीतून बिनबोभाट जात होते.

घरी आई वाटच पाहत होती. "काय म्हणाल्या?"

मी म्हटले, "खाल्ल्या. लय खुसखुशीत होत्या म्हणे."

हे ते वाक्य. हा तो शब्द. मी ते का बोलले याची मी पुष्कळदा चौकशी केली आहे. आईला दुखवू नये म्हणून, असे म्हणता येईल. पण ते संपूर्ण उत्तर नव्हे. मला लाज वाटली होती. अपराध दुसऱ्याचा आणि लाज आपल्याला, हा व्यवहार कोणी शिकवावा लागत नाही. तो त्या हवेतच होता. आईने तो शब्द बाबांना सांगितला, बाबांनी मामाला पत्रात लिहिला, मामीने पुढल्या वर्षी मलकापुरात दुधात पीठ भिजवले. शब्द घरोघर गेला. आज तो सुवार्ताच्या चौकटीत जाऊन बसला आहे.

आठवडा गेला. मग एक दिवस आई वत्सलाबाईंच्या नातवाला तेल लावून, न्हाऊ घालून परत आली. हे ती महिनाभर रोज करत होती, दवाखान्याच्या कामावेगळे. ती हात धूत असताना माझा बांध फुटला. "त्याहीनं म्हशीले घातल्या! तू काऊन जाते तिथं? मी पाहिल्या ढेपीत!"

आईने हात पुसले. "मीबी पाहिल्या."

"केव्हा?"

"तुह्या आधी. सकाळीच. लेकराले न्हाऊ घालाले गेली होती ना."

म्हणजे मी 'खुसखुशीत' म्हणाले तेव्हा तिला माहीत होते. तिने माझे खोटे ऐकून घेतले होते आणि ते बाबांना खरे म्हणून सांगितले होते. मी ओरडले, "मंग एवढं दुधात कशाले भिजवलं? फडकं काऊन पिळलं?"

आईचे उत्तर मी शब्दशः लिहिते, कारण सुवार्ताने तेच छापावे अशी माझी इच्छा आहे. ती म्हणाली, "नाही म्हणायले तिच्यापाशी कारण उरू नये म्हणून."

करंजी दुधात का भिजवायची? याचे बरोबर उत्तर हे आहे. तिने नियम पाळला नव्हता. तिने तो संपवून पाहिला होता. पाण्याची सबब एकेक थेंब करून पुसून काढली, आणि मागे काय उरते ते पाहिले. मागे पाणी नव्हतेच. मागे फक्त आई होती. पाण्याची अडचण कधीच नव्हती. अडचण तिची होती.

पुढच्या नाताळला आईने परातीत पीठ घेतले, मोहन घातले आणि मला सांगितले, "रांजणातलं पाणी आण." त्या करंज्यांचे ताट तिने स्वतः नेले. मी मागोमाग. वत्सलाबाई दारात आल्या. मागे शांता उभी होती, कडेवर वर्षाचा मुलगा, आणि पोटात दुसरे मूल.

"आल्या का! दुधातल्याच ना?"

"नाही. पाण्यातल्या हायेत," आई म्हणाली.

वत्सलाबाईंचा पुढे आलेला हात ताटाच्या कडेपाशी थांबला. "मंग... मंग मी या करंज्यायचं काय करू?"

"मागच्या साली केलं तेच करा. फकस्त मले माहीत हाय, हे तुम्हाले माहीत असू द्या."

कोणाचाही आवाज चढला नाही. शांताने मान खाली घातली. वत्सलाबाईंनी ताट घेतले नाही आणि आईने पुढे केलेले मागे घेतले नाही. शेवटी आईच वळली. त्या करंज्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. बाबांनी दोनदा म्हटले की छान झाल्या आहेत. आईने एकदाही विचारले नाही.

आता मी ज्या वसाहतीत राहते तेथे नाताळच्या दिवशी शेजारचे लोक आपणहून येतात. "बाई, केक कुठाय?" म्हणून हक्काने विचारतात. मुले दोन-दोन तुकडे उचलतात. मला हे आवडते. मी खोटे बोलत नाही, मला हे फार आवडते. पण खाता खाता एखादे गृहस्थ म्हणतात, "आमच्या भागात असलं शिवाशिवीचं काही कधी नव्हतंच बुवा," आणि मी हातातली बशी खाली ठेवते. नव्हतंच? मग माझी आई कोणासाठी फडके दुधात पिळत होती? वत्सलाबाईंचे मी एक वेळ समजू शकते. त्यांना नियम होता, भीती होती, भावकी होती. या गृहस्थांना काहीच नाही; त्यांना फक्त विसरायचे आहे. आणि आम्ही त्यांना मदत करतो. आम्ही अपमानाभोवती चौकट आखून वर 'खास पद्धत' असे लिहितो, आणि वाचणारी म्हणते, किती छान, दुधात का, करून पाहायला हवी.

माझा राग आईवरही आहे. तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

त्या दुसऱ्या नाताळला पाच-सहा आठवडे लोटले असतील. माघातली दुपार. आई दवाखान्यातून नुकतीच येऊन जेवायला बसत होती. वत्सलाबाई धावत अंगणात आल्या. डोक्यावरचा पदर पडलेला, पायात वहाण नाही. "नर्सबाई, शांताले कळा सुरू झाल्या. चला लवकर. बाप्पा, मागच्यावानीच दिसते."

आई ताटावरून उठली आणि पिशवी आणायला आत गेली. मी ओसरीवर होते. दहा वर्षांची. मी रांजणातून पेलाभर पाणी घेतले आणि दारात आडवी उभी राहिले. पायरीखालच्या वत्सलाबाईंपुढे पेला धरला.

"आधी पाणी प्या मावशी," मी म्हणाले. "मंग माय येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हलले नाही. भिंतीपलीकडून शांताचे कण्हणे ऐकू येत होते, मला ते स्पष्ट ऐकू येत होते, आणि तरी मी हलले नाही. मग वत्सलाबाईंनी पायरीवर पाय ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा हात वर आला. बोटे पेल्याला लागली.

आईने मागून येऊन पेला माझ्या हातातून काढून घेतला.

"अशानं नाही प्यायचं," ती म्हणाली. मला म्हणाली की त्यांना, ते मला आजही ठरवता आलेले नाही. तिने पाणी अंगणात ओतून दिले, मला खांद्याला धरून बाजूला केले आणि वत्सलाबाईंच्या पुढे निघून गेली.

मुलगी झाली. सुखरूप. वत्सलाबाई त्यानंतर वीस वर्षे जगल्या आणि आमच्या घरचे काही न खाता-पिता गेल्या. आईने ते मनाला लावून घेतले की नाही, तिने सांगितले नाही. पण मी तो हात पाहिला आहे. बोटे पेल्याभोवती मिटत होती. आणखी एक क्षण मिळाला असता तर त्या प्यायल्या असत्या.